शेरगिनची विहीर व गोठलेल्या भूमीचें दप्तर

जुने कागद जमवावे, लावावे, वाचावे व छापावे, हें इतिहाससंशोधकाचें काम. परंतु या कागदांचा आजच्या व्यवहारांत उपयोग कोणता, असा प्रश्न दप्तरें चाळणाऱ्या आम्हां मंडळींस वारंवार विचारण्यांत येतो. या प्रश्नाचें तात्त्विक उत्तर देण्यापेक्षां एखादें सबळ उदाहरण पुढें ठेवणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें. तें उदाहरण आम्हीं मुद्दाम आपल्या देशाबाहेरचें व आपल्या नेहमींच्या विषयांहून निराळें, म्हणजे स्थापत्याचें, निवडलें आहे. अतिशीत प्रदेशांत घरें, रस्ते व लोहमार्ग कसे बांधावे याचें ज्ञान मनुष्यास कोणत्या क्रमानें झालें, तें लिहून ठेवलेलें असतां कितीदां विसरलें गेलें, आणि त्या विसराची किंमत कोणी दिली, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. या कथेचें मध्यवर्ति स्थान सायबेरियांतील लेना नदीच्या कांठचें याकुत्स्क शहर हें होय. जानेवारींत तेथील सरासरी उष्णमान शून्याखालीं सुमारें ४० अंश सेंटिग्रेड असतें.

(१) भूमीचें स्वरूप

आपल्याकडील गवंडी पाया खणूं लागला म्हणजे मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खालीं जातो. भूमि जितकी घट्ट तितका पाया भरंवशाचा, हा त्याचा परंपरागत नियम. काळ्या जमिनींत बांधणारास थोडी अधिक सावधगिरी बाळगावी लागते, कारण ती जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. याकुत्स्कची भूमि या दोहोंहूनहि निराळी आहे. उन्हाळ्यांत तिचा वरचा तीन-चार हातांचा थर तेवढा वितळतो. त्याखालील भूमि शेंकडों फूट खोलीपर्यंत बाराहि महिने गोठलेली असते. मातींतील ओल बर्फ होऊन कणांस सांधते, त्यामुळें ती दगडासारखी कठीण भासते. परंतु हा कठीणपणा उसना आहे. बर्फ वितळलें कीं तीच माती चिखल होऊन बसते, आणि तिच्यावर जें कांहीं उभें असेल तें तिच्याबरोबर खालीं जातें.

यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, हें बर्फ वितळविणारी उष्णता बहुधा त्या घराच्याच चुलीची असते. तेथील हिवाळ्यांत चूल अहोरात्र पेटती ठेवल्यावांचून मनुष्य जगत नाहीं. आणि चूल पेटती ठेवली म्हणजे जमिनीखालीं वितळलेल्या मातीची एक वाटी तयार होऊन ती वर्षानुवर्षें खोल होत जाते. वाटीच्या मध्यावरील भाग अधिक खचतो, कडेचा कमी; मग भिंती तडकतात व दारें-खिडक्या वांकड्या होतात. उलटपक्षीं वरचा ओला थर हिवाळ्यांत पुन्हां गोठतांना फुगतो व उथळ पुरलेला खांब चिमट्यांत धरल्यासारखा वर ओढतो. तिसरा उपद्रव पाण्याचा. वरून नवा गोठलेला थर व खालून जुना, या दोहोंमध्यें कोंडलेलें पाणी जेथें वाट सांपडेल तेथें उसळून बाहेर येतें व थरावर थर गोठत जातें. यास रशियन लोक नालेद म्हणतात. चुलीच्या उबेनें घराखालची जमीन मऊ राहिली असेल, तर हें पाणी नेमकें त्या घरांत शिरतें. सारांश, या देशांत पायाचा शत्रु बाहेरची थंडी नसून आंतली ऊब होय. ही एकच गोष्ट नीट कळण्यास पावणेतीनशें वर्षें लागलीं.

(२) वोइवोदांचीं पत्रें

याकुत्स्कचें ठाणें इ. स. १६३२ त कोसाकांनीं वसविलें. तेथें झारतर्फे नेमले गेलेले पहिले सुभेदार, म्हणजे वोइवोद, गोलोविन व ग्लेबोव हे होत. इ. स. १६४० च्या सुमारास त्यांनीं झारास जें लिहून पाठविलें त्याचा आशय असा कीं, या मुलखांत धान्याच्या शेतीची आशा धरण्यांत अर्थ नाहीं, कारण व्यापारी व शिकारी यांच्या सांगण्याप्रमाणें येथील जमीन भर उन्हाळ्यांतहि पुरती वितळत नाहीं. हा उल्लेख महसुली स्वरूपाचा आहे. पत्र लिहिणारांस भूगर्भशास्त्राशीं कांहीं कर्तव्य नव्हतें; सरकारांत धान्य कां पिकत नाहीं एवढेंच त्यांना कळवावयाचें होतें. म्हणूनच त्याची साक्ष अधिक विश्वसनीय आहे.

याहून महत्त्वाचें पत्र इ. स. १६८५-८६ मधील, वोइवोद मात्वेइ क्रोव्कोव याच्या कारकीर्दींतील. ठाण्यांत विहीर खणण्याचा प्रश्न निघाला असतां त्यानें कळविलें कीं, येथें विहीर होणें कोणत्याहि उपायानें शक्य नाहीं. जमीन उन्हाळ्यांत दीड अर्शीन वितळते, दोन अर्शिनांपलीकडे कधींच नाहीं, आणि त्याखालीं ती सदैव गोठलेली असते. एक अर्शीन म्हणजे २८ इंच. हें माप आजच्या निरीक्षणांशीं फारसें विसंगत नाहीं. एका कारकुनी पत्रांत वितळणाऱ्या थराची जाडी व त्याखालील भूमीची कायम स्थिति, असे दोन्ही मुद्दे आंकड्यानिशीं आले आहेत. पुढील काळांत इमारत बांधणारास जी पहिली गोष्ट ठाऊक असावयास हवी होती, ती येथें लिहिलेली आहे.

(३) गमेलिन व फॉन बुख

हें दप्तर याकुत्स्कच्या कचेरींत पडून असतां इ. स. १७३६ त बेरिंगच्या दुसऱ्या मोहिमेबरोबरचे दोन विद्वान् तेथें आले: इतिहासकार म्युलर व वनस्पतिशास्त्रज्ञ गमेलिन. म्युलरचें नांव कागद जमविणारांस आदरणीय वाटावें असें आहे. सायबेरियांतील गांवोगांवच्या कचेऱ्यांतून त्यानें नकलांच्या पोथ्याच्या पोथ्या उतरून घेतल्या. कोसाक देझ्नेव यानें इ. स. १६४८ त आशियाच्या ईशान्य टोंकास वळसा घातला, ही गोष्ट अगदीं विसरली गेली होती. ती म्युलरला याच याकुत्स्कच्या दप्तरांत सांपडली. त्याच वर्षीं तेथें आग लागून गमेलिनचीं पुस्तकें, टिपणें व संग्रह जळून गेले. असें असूनहि विहीर खणण्याच्या जुन्या प्रयत्नाची हकीकत गमेलिननें आपल्या लेखनांत नमूद केली व ती युरोपांत पोंचली.

पोंचली, पण मानली गेली नाहीं. प्रसिद्ध जर्मन भूगर्भवेत्ता लेओपोल्ड फॉन बुख यानें इ. स. १८२५ मध्यें असा अभिप्राय दिला कीं, जेथें झाडेंझुडपें वाढतात अशा देशांत उन्हाळ्यांतहि थोड्याच फुटांवर जमीन गोठलेली असते हीं वर्णनें सर्वस्वीं त्याज्य समजावीं. फॉन बुख हा सामान्य लेखक नव्हता. त्याचा तर्कहि वरवर पाहतां सयुक्तिक होता. बर्फावर अरण्य कसें वाढेल? परंतु तर्कानें अस्सल कागद खोटा ठरत नाहीं. दप्तरांतील साक्ष प्रत्यक्ष जागेवरची, आणि आक्षेप हजारों कोसांवरचा. आमच्या क्षेत्रांतहि असे प्रसंग वाचकांस परिचित असतील.

(४) शेरगिनची विहीर

या वादाचा निकाल एका व्यापाऱ्याच्या हातून लागला. फ्योदोर शेरगिन हा रशियन-अमेरिकन कंपनीच्या याकुत्स्क येथील कोठीचा व्यवस्थापक. लेनेचें पाणी लांबून वाहून आणावें लागे व हिवाळ्यांत नदींतील बर्फाचे चिरे कापून आणून वितळवावे लागत. म्हणून त्यानें इ. स. १८२८ त कोठीच्या आवारांत विहीर खणण्यास आरंभ केला. क्रोव्कोवचें पत्र त्याच्या वाचनांत असतें तर त्यानें कुदळ उचलली नसती, असें म्हणण्यास जागा आहे; आणि तसें झालें असतें तर शास्त्राचें मोठें नुकसान झालें असतें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

गोठलेल्या मातीखालीं पुन्हां गोठलेलीच माती लागत गेली. दुसऱ्या कोणीं हें काम सोडून दिलें असतें. परंतु अमेरिकेंतील रशियन मुलखाचा कारभार हातीं घेण्यास जात असलेला नौदलाधिकारी व शोधक व्रांगेल हा याकुत्स्कवरून गेला, तेव्हां त्यानें पाण्यासाठीं नव्हे तर ज्ञानासाठीं खणणें चालू ठेवावें असें शेरगिनच्या मनांत भरवून दिलें. उन्हाळ्यांत खालची हवा कोंदट होई, म्हणून काम हिवाळ्यांतच चाले. इ. स. १८२९ त एर्मान नांवाचा जर्मन प्रवासी तेथें आला व त्यानें सुमारें ५० फूट खोलीवर उष्णमान मोजून तें शून्याच्या बरेंच खालीं असल्याचें नमूद केलें. इ. स. १८३७ त खणणें थांबलें, तेव्हां खोली ३८२ इंग्रजी फूट, म्हणजे ११६ मीटरांहून किंचित् अधिक, झाली होती. तळाशीं पाण्याचा थेंबहि नव्हता. विहीर म्हणून हें काम पूर्णपणें फसलें. परंतु गोठलेल्या भूमीविषयींचा फॉन बुखचा संशय त्या कोरड्या खड्ड्यानें कायमचा नाहींसा केला. हा खड्डा याकुत्स्क येथें अद्याप जतन करून ठेवलेला आहे.

(५) बेअर कीं मिडेनडॉर्फ?

आतां आपण या विषयांतील खऱ्या वादग्रस्त मुद्द्याकडे वळूं. गोठलेल्या भूमीच्या शास्त्राचा आद्य प्रवर्तक कोण? बहुतेक लेखक हा मान आलेक्झांडर मिडेनडॉर्फ यास देत आले. इ. स. १८४४ त त्यानें शेरगिनच्या विहिरींत उतरून निरनिराळ्या खोलीवर भिंतींत आडवीं छिद्रें पाडविलीं, त्यांत उष्णतामापक बसविले, व तळाशीं शून्याखालीं सुमारें ३ अंश सेंटिग्रेड उष्णमान आढळल्याचें प्रसिद्ध केलें. जसजसें खालीं जावें तसतशी थंडी कमी होते, यावरून गोठण्याचा थर कोठें संपेल याचें अनुमान करतां येतें, ही दिशा त्याच्या मापनांतून मिळाली. उघड्या खड्ड्यांत वर्षानुवर्षें हिवाळ्याची जड हवा उतरून भिंती अधिक गार झाल्या असाव्या, असा आक्षेप पुढें निघाला. त्यामुळें अंशांचे आंकडे थोडे बदलतील, पण मूळ सिद्धान्तास त्यानें बाध येत नाहीं.

मिडेनडॉर्फच्या पूर्वीं मात्र दुसरा एक पुरुष येऊन गेला होता. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर हा एस्तोनियांत जन्मलेला जर्मनभाषी शास्त्रज्ञ. सस्तन प्राण्यांच्या अंड्याच्या शोधाबद्दल तो जगास ठाऊक आहे. सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेचा सभासद असतांना त्यानें शेरगिनच्या विहिरीची वार्ता इ. स. १८३८ त लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकांत छापविली. मिडेनडॉर्फला सायबेरियांत पाठविण्याची योजनाहि मुख्यत्वें बेअरचीच. याच सुमारास त्यानें प्रवाशांचीं वृत्तें व निरीक्षणें एकत्र करून सायबेरियांतील अविनाशी भूमिगत बर्फाविषयीं एक स्वतंत्र ग्रंथ जर्मन भाषेंत रचला. २१८ पानांचा हा ग्रंथ इ. स. १८४३ त छापण्यास सिद्ध होता. तो प्रसिद्ध झाला नाहीं. इ. स. १९४२ त त्याचें एक कच्चें रशियन भाषांतर झालें, पण युद्धानंतर तेंहि विस्मृतींत गेलें. अखेर मूळ ग्रंथाची प्रत जर्मनींतील गीसेन विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दप्तरांत सांपडून इ. स. २००१ मध्यें टीपांसह प्रसिद्ध झाली. म्हणजे लेखन व प्रकाशन यांत १५८ वर्षांचें अंतर पडलें! या ग्रंथांत बेअरनें युरोप-आशिया खंडांतील गोठलेल्या भूमीची दक्षिण सीमा कोठून जाते तें सांगितलें आहे, आणि ती आधुनिक संशोधनानें ठरलेल्या सीमेशीं बरीच जुळते.

साधनांचा हा क्रम पाहतां आमचा निर्णय असा आहे. प्रत्यक्ष निरीक्षणाचा पहिला मान याकुत्स्कच्या वोइवोदांचा. विखुरलेलीं साधनें एकत्र करून त्यांवरून शास्त्र उभारण्याचा मान बेअरचा. आणि सूक्ष्म मापनाचा मान मिडेनडॉर्फचा. मिडेनडॉर्फला जें अग्रस्थान मिळालें तें त्याच्या श्रेष्ठतेपेक्षां त्याचा ग्रंथ छापला गेला यामुळें मिळालें. न छापलेला ग्रंथ, मग तो कितीहि पूर्ण असो, व्यवहारांत नसल्यासारखाच.

(६) लोहमार्गाची परीक्षा

याचा परिणाम केवळ मानापमानापुरता राहिला असता तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. सायबेरियांतील लोहमार्ग बैकाल सरोवराच्या पूर्वेस इ. स. १८९५ पासून बांधूं लागले, व अमूर नदीच्या बाजूचा भाग इ. स. १९०८ ते १९१६ या काळांत झाला. या पट्ट्यांत अनेक ठिकाणीं भूमि गोठलेली होती. रशियाच्या भूगोलसंस्थेनें इ. स. १८९५ त गोठलेल्या भूमीच्या निरीक्षणाविषयीं सूचना छापल्या होत्या खऱ्या; परंतु लोहमार्गाच्या इमारती युरोपीय रशियांतील नेहमींच्या धाटणीनेंच उठल्या. स्थानकें खचलीं, बांध बसले, पुलांचे खांब वर उचलले गेले, नळ फुटले, आणि नालेदाच्या पाण्यानें घरें आंतून बर्फानें भरलीं. एंजिनांस पाणी कोठून पुरवावें हाच एक मोठा प्रश्न होऊन बसला.

या आपत्तींतूनच बांधकामाचें खरें शास्त्र निघालें. इ. स. १९१२ त बोग्दानोव यानें गोठलेल्या भूमीवरील बांधकामांविषयीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें, इ. स. १९१६ त ल्वोव यानें अमूर लोहमार्गाच्या पाणीपुरवठ्यावर मोठा ग्रंथ इर्कुत्स्क येथें प्रसिद्ध केला, आणि इ. स. १९२७ त सुमगिन यानें सर्व माहिती एकत्र करून या विषयास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांतून जो नियम निष्पन्न झाला तो सांगावयास सोपा आहे: भूमि गोठलेली आहे तर ती गोठलेलीच ठेवावी. घराची जमीन भूमीवर टेकूं न देतां ती खांबांवर उचलावी, म्हणजे हिवाळ्याचा वारा खालून खेळून चुलीची ऊब वाहून नेतो. खांब वितळणाऱ्या थराच्या पुष्कळ खालीं नेऊन तेथें गोठूं द्यावे; मग भूमीच त्यांस धरून ठेवते. उष्ण पाण्याचे नळ पुरूं नयेत, जमिनीवरून न्यावे. याकुत्स्कच्या रस्त्यांवरून अशा नळांच्या कमानी गेलेल्या आजहि दिसतात. पुढें नोरील्स्क शहरांत मिखाइल किम या स्थापत्यज्ञानें खांबांची ही पद्धति मोठ्या इमारतींस लागू केली व त्याबद्दल इ. स. १९६६ त त्यास लेनिन पारितोषिक मिळालें. जेथें भूमीचें गोठलेपण राखणें शक्य नाहीं तेथें ती आधींच वितळवून व बसवून मग बांधावें, हा दुसरा मार्ग. परंतु अर्धवट गोठलेल्या व अर्धवट वितळलेल्या पायावर विसंबूं नये.

(७) अलास्काचा रस्ता

हे ग्रंथ रशियन भाषेंत होते. दुसऱ्या महायुद्धांत इ. स. १९४२ त अमेरिकेच्या लष्करानें कॅनडांतून अलास्कास जाणारा रस्ता कांहीं महिन्यांत उभारण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां आरंभीं यंत्रांनीं झाडें, शेवाळ व वरची माती खरडून काढून खालची घट्ट भूमि उघडी पाडण्यांत आली. कोणत्याहि दुसऱ्या देशांत हीच रीत योग्य ठरती. येथें मात्र शेवाळाची ती गोधडी निघतांच उन्हानें खालचें बर्फ वितळलें व रस्त्याचा चिखल झाला. अनुभवानें शहाणे होऊन मग त्यांनीं झाडोरा जागेवरच ठेवला, त्यावर ओंडके आंथरले व वर खडीमातीचा भराव घातला.

पुढच्याच वर्षीं, इ. स. १९४३ त, सायमन म्युलर नांवाच्या भूगर्भवेत्त्यानें लष्करासाठीं या विषयावर इंग्रजी ग्रंथ तयार केला. हा म्युलर सायबेरियांत जन्मलेला, त्यामुळें रशियन साधनें वाचूं शकत होता. त्याचा ग्रंथ बहुतांशीं त्याच साधनांवर आधारलेला आहे. पर्माफ्रॉस्ट हा आज सर्वत्र रूढ असलेला शब्दहि त्यानेंच चालविला. चिखलांत रुतलेल्या रस्त्याचें उत्तर तीस वर्षांपूर्वींच छापून ठेवलेलें होतें. तें वाचणारा मनुष्य मात्र रस्ता रुतल्यानंतर पुढें आला.

(८) समारोप

यावर कोणी म्हणेल कीं, स्थापत्यज्ञ अनुभवानें शिकतातच, कागदांवांचून त्यांचें अडत नाहीं. हें अंशतः खरें आहे. क्रोव्कोवच्या पत्रांत खांब किती खोल पुरावा हें सांगितलेलें नाहीं, व तें त्यांत शोधूंहि नये. जुना कागद युक्ति शिकवीत नाहीं. तो इशारा देतो. परंतु इशारा वेळेवर मिळाला तर युक्ति शोधण्यास पहिली इमारत पडूं द्यावी लागत नाहीं.

या कथेचा एक भाग कागद जमविणारांस विशेष मनोरंजक वाटेल. सुमगिनची अशी कल्पना होती कीं, गोठलेल्या भूमींत कोठारें खणून प्राण्यांचे देह व हस्तलिखितें सहस्रावधि वर्षें टिकवून ठेवावीं. त्याच्या मृत्यूनंतर येनिसेई नदीवरील इगार्का येथें, इ. स. १९५० च्या एप्रिल महिन्यांत, महायुद्धकालीन वृत्तपत्रें भूमिगत कोठडींत बर्फांत ठेवण्यांत आलीं, तीं इ. स. २०४५ त उघडावीं असा संकेत आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहांत इ. स. २००८ पासून जगांतील धान्यांच्या बियाण्यांचें कोठार व इ. स. २०१७ पासून दस्तऐवजांचें कोठार अशाच भूमीच्या भरंवशावर चालूं आहे. परंतु इ. स. २०१६ च्या शरदृतूंत उष्णता व पाऊस अधिक होऊन त्या बियाण्यांच्या कोठाराच्या प्रवेशमार्गांत पाणी शिरलें. बियाणें सुरक्षित राहिलें. तथापि तो मार्ग नव्यानें जलरोधक बांधावा लागला. बेअरनें जिला अविनाशी म्हटलें व रशियनांनीं जिला शाश्वत म्हटलें, ती भूमि आतां अनेक ठिकाणीं पूर्वींपेक्षां उष्ण होत चालली आहे, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इमारतींचें गणित पुन्हां मांडावें लागत आहे. त्या गणितांत शेरगिनच्या विहिरींतील जुन्या मापनांस आज पुन्हां मोल आलें आहे, कारण तुलनेस जुना आंकडा नसेल तर बदल किती झाला हें कशावरून ठरविणार?

म्हणून आमची वाचकांस विनंति अशी आहे. आपल्या संग्रहांतील रुमाल लावतांना सनदा, महजर व राजकारणाचीं पत्रें आपण काळजीनें निवडतों. परंतु विहीर कोठें किती खोल गेली, तळ्याचा बांध कां फुटला, नदीचें पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीस लागलें, वाड्याचा पाया दुसऱ्यांदा कां घालावा लागला, असे कारकुनी उल्लेख क्षुल्लक समजून यादींतून गाळतों. तसें करूं नये. असा कागद हातीं येतांच त्याची तारीख, माप व ठिकाण जसेंच्या तसें उतरून घ्यावें व तें छापावें. याकुत्स्कच्या कारकुनानें दोन अर्शिनांचा आंकडा लिहून आपलें काम चोख बजावलें होतें. उणीव राहिली ती पुढें वाचणारांची.